सरासरीआड लपलेली माणसे

समजा, पनवेलच्या एका आळीत पाच घरे आहेत. त्यांची मासिक मिळकत ४, ६, ८, १२ आणि ७० हजार रुपये. सरासरी काढा : २० हजार! पण चार घरांनी एवढे पैसे कधी पाहिलेलेच नाहीत.

मग विषमता मोजावी कशी? इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो जिनी यांनी १९१२ साली यासाठी एक माप सुचवले. प्रत्येक दोन घरांच्या मिळकतीतला फरक काढायचा. आपल्या आळीत अशा १० जोड्या पडतात आणि फरकांची बेरीज २७६ येते. घरांची संख्या गुणिले एकूण मिळकत, म्हणजे ५ × १०० ने तिला भागा. उत्तर ०.५५. सर्वांची मिळकत सारखी असती, तर शून्य आले असते. वहीत करून पाहाच! हजार घरांच्या मात्र ४,९९,५०० जोड्या होतात. तिथे संगणक हवा. असे हिशेब करणारे समाजशास्त्रज्ञ आज विद्यापीठांतून काम करतात.

पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली हिशेब मांडला, तो थेट भाकरीपासून. माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळायला महिन्याचा खर्च किती हवा? १९६०-६१ च्या भावाने खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे या मापाला लावले, तेव्हा खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली जवळजवळ निम्मी माणसे त्याखाली निघाली.

हे आकडे आले कोठून? गावोगाव हिंडून पाहणी करणाऱ्यांनी एकेका घरी विचारले होते : महिन्यात धान्य किती लागले, तेल किती, मीठ किती?