बी आणि रान

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात एखादा माणूस आठवडाभर न झोपता अखंड बोलू लागला, ऐपतीबाहेरचे व्यवहार ठरवू लागला, की घरचे ‘बाहेरचं’ बघायला धावतात. पुढे तोच माणूस महिनोन्‌महिने अंथरूण सोडत नाही, तेव्हा कर्जाकडे बोट दाखवलं जातं. हे दोन्ही टप्पे एकाच आजाराचे, म्हणजे बायपोलरचे, असू शकतात. ‘निमहान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजारी सुमारे 5 प्रौढांना आयुष्यात कधीतरी हा आजार झालेला आढळला, त्यातले 70 टक्के उपचाराबाहेर होते. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण जगभरचं प्रमाणही साधारण तेवढंच आहे.

बियाण्यांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात आजाराचं कारण समजायला अवघड जाऊ नये. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला बायपोलर असेल, तर दुसऱ्याचा धोका इतर भावंडांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणजे बी महत्त्वाचं. पण दुसऱ्याला तो होतोच असं नाही. म्हणजे रानही महत्त्वाचं. बी म्हणजे थोडाथोडा परिणाम करणारी अनेक जनुकं. रान म्हणजे लहानपणचे आघात, ताण, नशा, बाळंतपण आणि मोडलेली झोप. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देताना होणारी जागरणं मुळात धोका असलेल्या माणसाला उन्मादाकडे, म्हणजे त्या अखंड बोलण्याच्या टप्प्याकडे, ढकलू शकतात.

कुणी म्हणेल, दुखणं तर पीक गेल्यावरच सुरू झालं. खरं आहे, पण तोच दुष्काळ सोसलेल्या शेजाऱ्याला ते झालं नाही. घाव निमित्त ठरला, मूळ आधीपासून होतं. मग रक्तातलं दुखणं गोळीनं कसं हटेल? मधुमेहही घराण्यात चालतो, म्हणून कुणी औषध सोडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला. रक्ततपासणी करत घेतलेलं हे औषध आजही झटके आणि आत्महत्येचा धोका कमी करतं. आईवडलांपैकी एकाला आजार असला तरी दहातली सुमारे नऊ मुलं त्यातून सुटतात. सोयरिकीत घराण्याला डाग मानण्याला म्हणूनच आधार नाही.

ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी या राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही, तेव्हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरात लिहून ठेवावा. आणि डॉक्टरांना नुसती उदासी सांगू नये. झोपेविना अंगात बळ संचारलं होतं, ते दिवसही आठवून सांगावेत. कारण एकट्या उदासीवरची गोळी अशा माणसाला उलट उन्मादात लोटू शकते. ते दिवस घरच्यांनीच पाहिलेले असतात, म्हणून अचूक निदानाची सुरुवात त्यांच्या तोंडून होते.