बद्धचाकी सायकल आणि डोंगरवाट

लहान मुलांची तीनचाकी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ‘फिक्स्ड गिअर’ सायकल म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावयास नको. तीनचाकीचे पायडल पुढच्या चाकालाच जखडलेले असते. चाक फिरेल तोवर पायडल फिरते आणि पायडल रोखले की चाक रोखले जाते. हाच संबंध साखळीच्या द्वारे मागच्या चाकाशी जोडला, की बद्धचाकी सायकल तयार होते. आपल्या नित्याच्या सायकलीत मात्र मागच्या चाकावर फ्रीव्हील असते. त्याच्या आत दातेरी कडे व लहान पोलादी जिभा असतात. पाय थांबले की या जिभा दात्यांवरून घसरत जातात आणि चाक स्वतंत्रपणे फिरत राहते. उतारावर पाय स्थिर ठेवून जाताना जो टर्रर्र आवाज कानी पडतो, तो याच जिभांचा.

धावडा परिसरात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल साखळीत व फ्रीव्हीलमध्ये शिरतो. फ्रीव्हील कधी जाम झाले, की न मागता बद्धचाकी सायकल आपल्या पायाखाली येते. मग उतारावर पाय थांबविता येत नाहीत, पायडलच पायांना फिरवू लागते. शहरांतील हौशी मंडळी हाच अनुभव पैसे मोजून विकत घेतात.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता बद्धचाकी सायकल ही थोरली आणि फ्रीव्हील धाकटे होय. 1817 मध्ये कार्ल ड्राईस या जर्मन गृहस्थाने पायाने ढकलण्याची दुचाकी केली. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये तिच्या पुढच्या चाकाला पायडल लागले. 1885 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने साखळीची ‘रोव्हर’ सायकल आणली, आणि 1888 मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. फ्रीव्हील सर्वत्र रुळले ते एकोणिसावे शतक सरता सरता. तोवरचे बहुतेक सायकलस्वार डोंगर चढले व उतरले ते बद्ध चाकावरच. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीचा प्रवर्तक हेन्री देग्रांज याला तर बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठीच योग्य वाटत. (ते वय मागे टाकलेल्या प्रस्तुत लेखकास हे मत पटत नाही!) 1910 साली ही शर्यत पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंडीतून गेली. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळ्या दात्यांची चक्रे लावीत आणि घाट आला की खाली उतरून चाक उलटे बसवीत. साखळी सरकविणाऱ्या डिरेलर गिअरला तेथे परवानगी मिळाली ती 1937 मध्ये.

डोंगरवाटेवरील सायकलिंगचा आजचा प्रकार कॅलिफोर्नियात 1970 च्या दशकात रुजला. तेथील तरुण जुन्या जड सायकली घेऊन टॅमलपायस डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली येत. पायडल उलट दाबले की त्या सायकलींचा ब्रेक लागे. एका उतारातच ब्रेकमधील ग्रीस जळून जाई व पुन्हा भरावे लागे. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा क्रीडाप्रकार समाविष्ट झाला.

अशा वाटेवर बद्ध चाक लावले तर काय होते? चढावर ते काहीसे साह्यकारी ठरते. पायडल माथ्यावर किंवा तळाशी येते तेव्हा पायाचा जोर लागत नाही. त्या क्षणी फिरते चाकच पायडलला पुढे नेते. चाक मुरुमावर निसटू लागले तर ते तळपायाला तत्काळ कळते. परंतु खडकाळ जागी साधा सायकलस्वार दोन्ही पायडले समतल ठेवून निघून जातो, तशी सोय येथे नाही. पायडल खाली येणारच, आणि नेमका तेथे दगड असला तर आदळणारच. म्हणून असे स्वार आखूड क्रँक वापरतात आणि दगड दुरूनच हेरतात.

खरी कसोटी उतारावर लागते. पुढे 44 व मागे 18 दाते असलेली आपली 28 इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. चढासाठी पुढे 32 दात्यांचे चक्र लावले, तर अंतर चार मीटरांपेक्षा किंचित कमी भरते. चढ सुकर होतो; पण उतारावर ताशी 30 किलोमीटर वेग आला की पायांना मिनिटाला सुमारे 126 फेरे घ्यावे लागतात, आणि 40 ला 168! इतक्या गतीने पाय फिरविण्याचा सराव नसेल, तर पाय पायडलवरून सुटतो व तेच पायडल पोटरीवर बसते.

मोबाइलवरील चित्रफिती पाहून फ्रीव्हील वेल्डिंग करून घेण्याची कल्पना मुलांच्या मनात येते. ती घातक आहे. फ्रीव्हील ज्या आट्यांवर बसते, ते पुढे पायडल मारले की घट्ट होतात; उलट जोर दिला की सैल होतात. खऱ्या बद्धचाकी हबला म्हणूनच उलट आट्यांचे निराळे कडे असते. वेल्डिंग केलेल्या फ्रीव्हीलला ते नसते. म्हणजे उतारावर वेग रोखण्याच्या ऐन क्षणी चक्र उलगडून निघू शकते.

डोंगरवाटा आपल्या मुलखाला नव्या नाहीत. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन; सांची व भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत तेथील दात्यांची नोंद आहे. त्या काळची माणसे आणि बैलांचे तांडे याच अजिंठ्याच्या रांगेतून उत्तरेस जात. परंतु वाट असणे निराळे आणि तिच्यावर वाहन हाकू दिले जाणे निराळे. सवर्ण वस्तीतून जाताना सायकलवरून उतरून ती हाताने ढकलीत नेण्याचा दंडक अनेक गावांनी आपल्या माणसांवर लादला होता. 1929 मध्ये धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला, म्हणजे या डोंगराच्या पलीकडेच, उतरले. महारवाड्यात नेण्यासाठी टांगा मिळाला, पण अस्पृश्याचा टांगा हाकण्यास टांगेवाला राजी होईना. अखेर वस्तीतील ज्याने तो हाकला, त्याला टांग्याचा सराव नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. आमचा माणूस बेसावध नव्हता. लगाम हाती धरण्याची संधीच त्याला कुणी दिली नव्हती. म्हणून मुलामुलींनी सायकल केवळ चालवू नये, तर ती उघडून, जोडून, समजून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळणाऱ्या सायकलींच्या फ्रीव्हीलला मात्र कुणी हात लावू नये. ज्यांना बद्ध चाक शिकावयाचेच आहे, त्यांनी खरा बद्धचाकी हब बसवून, सपाट मैदानावर, पुढचा ब्रेक शाबूत ठेवून शिकावे. वेग रोखताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे केवळ मागचे चाक अडवून सायकल लवकर थांबत नाही. साखळीला बोटभर ढील असावी. अधिक झाली तर ती उतरते व चाकात अडकते. पँटची मोहरी, बुटाची नाडी, ओढणी आवळून बांधावी. साध्या सायकलीवर कापड साखळीत सापडले तर पाय थांबविता येतात. येथे चाक फिरत असेतो साखळी ते ओढीतच राहते.