पाणी न पिता निघू नका

वसुबारसेच्या आधी कोल्हापूरहून मामाचा फोन यायचा, "अक्का, कधी निघतेस?" आणि आई पिशवी भरायला घ्यायची. लग्न झाल्यापासून एकही दिवाळी तिने माहेराविना घालवली नव्हती. मग एका वर्षी ती म्हणाली, "गुडघे दुखतात, यंदा नाही जमायचं." गुडघे दुखत होते हे खरं, पण ते गेली दहा वर्षं दुखत होते. खरं कारण मला तिच्या चादरी वाळत घालताना कळलं. ती रोज पहाटे, सगळे उठायच्या आत, चादर धुवून टाकत होती.

खोकला आला की तिला थेंब सुटायचे. घाईची लागली की दारापर्यंत पोचायच्या आत परकर ओला व्हायचा. आधीच्या दिवाळीला एसटीत असं होऊ नये म्हणून तिने आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, तरीही साताऱ्याचा स्टँड यायच्या अलीकडेच तिचा ताबा सुटला. पुढचे तीन तास ती ओल्या साडीत, पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. हे तिने मला दीड वर्षाने सांगितलं.

गेल्या दिवाळीला ती पुन्हा कोल्हापूरला गेली. मधल्या काळात डॉक्टरांकडून, फिजिओथेरपिस्टकडून आणि स्वतःच्या चुकांमधून आम्ही दोघी जे शिकलो, ते नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. मूत्राशय ही ओटीपोटातली स्नायूंची पिशवी. मूत्रपिंडं दिवसाला साधारण दीड लिटर लघवी तयार करतात आणि ती थेंबाथेंबाने या पिशवीत उतरते. दीड-दोनशे मिलिलिटर साठली की पहिली जाणीव होते. चारशे-पाचशेपर्यंत बहुतेकांना ती धरून ठेवता येते. पिशवीच्या तोंडाशी आवळून धरणारा स्नायू असतो आणि त्याला खालून आधार असतो तो पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेल्या स्नायूंच्या झोळीचा. बाळंतपणं, पाळी थांबणं, वाढतं वजन, जुनाट खोकला, शौचाला वर्षानुवर्षं जोर लावणं यांनी ही झोळी सैल पडते. मग खोकला, शिंक, जोराचं हसू किंवा रस्त्यातला एक खड्डा, यातल्या कशानेही पोटात दाब वाढला की थेंब सुटतात. हा पहिला प्रकार.

दुसऱ्या प्रकारात झोळी ठीक असते, पण पिशवी भरायच्या आधीच आकसू लागते. लागली म्हणता म्हणता सुटते. तिसरा प्रकार जास्त करून पुरुषांचा. प्रोस्टेट वाढल्याने वाट अडते, पिशवी कधीच पूर्ण रिकामी होत नाही आणि काठोकाठ भरलेल्या माठासारखी ओघळत राहते. चौथ्यात मूत्राशयाचा काहीच दोष नसतो. गुडघा वाकत नाही, अंधारात दार सापडत नाही, लेंग्याच्या नाडीची गाठ सुटत नाही, आणि तेवढ्यात उशीर होतो. वय झालेल्या माणसात यातले दोन-तीन एकत्र नांदतात. आईला पहिला, दुसरा आणि चौथा, असे तिन्ही होते. प्रकार ओळखणं महत्त्वाचं, कारण उपाय वेगवेगळे आहेत. त्यासाठी डॉक्टरांनी आम्हाला तीन दिवसांची वही लिहायला लावली: किती वाजता, किती प्यायलं, किती वाजता गेली, कधी सुटली. त्या वहीतून कळलं की आईची बहुतेक फजिती चहानंतरच्या तासाभरात होते.

आता पाण्याचं. हे मी सविस्तर सांगणार, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पाणी तोडलं की लघवी कमी होते, पण ती गडद आणि दाट होते. दाट लघवीने मूत्राशय चुरचुरतं आणि थोडक्यातच आकसतं, म्हणजे घाई वाढते. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो. भरलेलं आतडं पुढच्या मूत्राशयावर दाबतं आणि गळती आणखी वाढते. लघवीत जंतुसंसर्ग व्हायलाही मोकळं रान मिळतं. आईने आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडलं आणि तरीही साताऱ्याआधी ताबा सुटला, त्यामागे हीच साखळी होती. बाहेर पडायचं म्हणून पाणी न पिणं हे तिच्या एकटीचं नाही. २०११ मध्ये मुंबईत महिला संघटनांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली, तेव्हा रस्त्यावर स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाण्याविना राहणाऱ्या बायकांचाच प्रश्न त्यांनी मांडला होता.

मग प्रवासाच्या दिवशी करायचं काय? नेहमीइतकंच पाणी, पण घोटाघोटाने. एकदम दोन पेले ढोसले तर तासा-दीड तासात पिशवी भरणारच. चहा-कॉफीने मूत्राशय चाळवतं, म्हणून आई घरून अर्धा कप घेऊन निघते आणि स्टँडवरचा चहा टाळते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे त्यांनी तेच पाळावं. रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं. आपल्या मनाने ती गोळी चुकवू नये.

दिवाळीची तयारी मात्र गणपतीतच सुरू करावी लागते. झोळीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम १९४८ मध्ये अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने मांडला, आणि त्याचा फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. चार माणसांत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, तेच आत आणि वर ओढून घ्यायचं. पाच आकडे धरायचं, पाच आकडे सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. लघवी करता करता मध्येच अडवून हा व्यायाम करू नये, त्याने उलट मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. व्यायाम बसला की त्याचा उपयोग असा: खोकला किंवा शिंक येते आहे असं वाटताच आधी आवळायचं, मग खोकायचं.

घाईसाठी वेगळी युक्ती आहे. लागली की धावायचं नाही. जागच्या जागी थांबायचं किंवा बसायचं, भराभर पाच-सहा वेळा आवळायचं, मन दुसरीकडे न्यायचं. आई एकोणतीसचा पाढा म्हणते. कळ ओसरली की सावकाश चालत जायचं. धावलं की पोटावरचा दाब वाढतो आणि नेमकं तेव्हाच सुटतं.

व्यायाम चालू असला तरी प्रवासात आधार हवा. पाळीचे पॅड लघवीला पुरत नाहीत. ते दाट, हळू वाहणाऱ्या रक्तासाठी बनवलेले असतात. लघवीच्या पॅडमध्ये आणि मोठ्यांच्या डायपरमध्ये अशी भुकटी असते की ती ओलावा शोषून त्याचा घट्ट गर करते, त्यामुळे वरचा भाग बराचसा कोरडा राहतो. दुकानदाराने 'लार्ज' दिलं म्हणून घेऊ नका, कंबर मोजून घ्या. सैल पडलं तर मांडीच्या कडेने गळतं. आणि नवा प्रकार प्रवासात पहिल्यांदा वापरू नका, घरी एक दिवस घालून हिंडा-फिरा. आम्ही इथे चुकलो. चड्डीसारखं चढवायचं डायपर घेतलं, पण ते बदलायला दोन्ही पाय मोकळे करावे लागतात. स्टँडच्या ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून हे करणं सत्तरीच्या बाईला शक्य नाही. आता ती दिवसा घट्ट सुती निकरमध्ये चिकटवायचं पॅड वापरते, उभ्या उभ्या बदलता येतं. मोठं डायपर फक्त रात्री. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं. पुरुषांनी लेंग्यालाही तेच करावं. झाकणाचं युरिन पॉट पुरुषांना मोटारीत फार उपयोगी पडतं.

एसटीत पुढची, कडेची जागा धरावी. मागे दणके जास्त बसतात. महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट झाल्यामुळे अनेक वयस्क बायका एकट्या प्रवास करतात. त्यांनी चढतानाच विचारावं, "कंडक्टरदादा, साताऱ्याला किती वेळ थांबते? मला जाऊन यायला लागेल." आईला हे वाक्य म्हणायला फार जड गेलं. पण म्हटल्यावर गाडी तिच्यासाठी थांबली. एरवी घरात 'लागो न लागो, जाऊन ये' ही सवय वाईट, त्याने मूत्राशयाला थोडक्यातच रिकामं व्हायची खोड लागते. प्रवासात मात्र प्रत्येक थांब्याला जावं. घाण आहे म्हणून अर्धवट वाकून उरकलं तर स्नायू सैल होत नाहीत आणि निम्मी लघवी आतच राहते. टेकून, निवांत बसावं, झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुढे झुकावं आणि पुन्हा प्रयत्न करावा.

रेल्वेत ४५ वर्षांवरील महिलांसाठी आणि ६० वर्षांवरील पुरुषांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. डब्याच्या टोकाची, म्हणजे १, ४ किंवा बाजूची ७ नंबरची बर्थ मिळाली तर थोडा वास सोसावा लागेल, पण संडास चार पावलांवर येतो. पॅड गाडीच्या संडासात टाकू नका, तिथल्या जैव-शौचालयाच्या टाक्या तुंबतात. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी विमानात कडेचंच आसन घ्यावं आणि चढण्याआधी जाऊन यावं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पट्टा सोडून उठता येत नाही. एक इशारा पुरुषांसाठी: प्रोस्टेट वाढलेलं असताना गाडी लागू नये म्हणून किंवा सर्दीसाठी दुकानातून घेतलेल्या काही गोळ्यांनी लघवी पूर्ण अडू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.

आईला सगळ्यात जास्त धाक होता तो मामीच्या गादीचा. मी म्हटलं, आधीच फोन करून सांगू. ती तयार होईना. शेवटी तिने स्वतःच केला. मामी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "वन्सं, मी गेल्या वर्षी पंढरपूरला आले नाही, ते ह्यामुळंच." त्या फोननंतर आईचं खालच्या खोलीत, संडासाजवळ झोपायचं ठरलं. गादीवर ओल न झिरपणारी शीट आणि वाटेत रात्रीचा छोटा दिवा, एवढीच तयारी लागली. दिवसभर गाडीत पाय लोंबकळत राहिले की पायांत पाणी उतरतं आणि रात्री आडवं झाल्यावर तेच लघवीवाटे बाहेर येतं. म्हणून ती संध्याकाळी तासभर पाय उशीवर घेऊन पडते आणि झोपायच्या आधीचे दोन-अडीच तास पाणी कमी पिते.

फराळाकडेही लक्ष हवं. चकली, शंकरपाळी, चिवडा, सगळं कोरडं आणि तळलेलं. दोन दिवसांत पोट साफ होईनासं होतं आणि गळती वाढते. सोबत पपई, भाजी, कोमट पाणी ठेवावं. पूजेला दाराजवळ खुर्ची घेऊन बसावं, लागेल तेव्हा उठावं. काही घरांत सोवळ्याचा प्रश्न निघतो. आजारी माणसाला पूजेपासून लांब बसवावं, हे मला मान्य नाही. वासाची भीती सगळ्यांना असते, पण ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती साचून राहिली की अमोनियाचा वास येतो. तीन-चार तासांनी पॅड बदललं तर अत्तराची गरज पडत नाही. बदलताना साध्या पाण्याने धुवून टिपून कोरडं करावं, घासू नये. पावडरीच्या गुठळ्या होऊन त्वचा सोलते. व्हॅसलीनचा पातळ हात पुरे, जाड थर दिला तर पॅड शोषत नाही. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळं द्यावं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी अशा पुडीवर लाल ठिपका काढायचं आवाहन केलं आहे. तो आठवणीने काढावा, त्यांच्या हातांचा प्रश्न आहे.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अजिबात न होणं, वयस्क माणसाचं अचानक बरळणं, किंवा गळतीबरोबर पाय लुळे पडणं आणि जांघेत बधिरपणा येणं, यातलं काही दिसलं तर दिवाळी संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकीच्यांनीही सणानंतर एकदा दाखवावंच. व्यायाम, गोळ्या, शस्त्रक्रिया असे बरेच उपाय आहेत, आणि मधुमेहासारखं मूळही कधीकधी यातूनच सापडतं.

तुमच्या घरातलं कुणी अलीकडे लग्नाला, सणाला यायचं टाळत असेल, तर चारचौघांत आग्रह करू नका. बाजूला घेऊन विचारा. आणि यंदा बोलावणं करताना एवढं मुद्दाम सांगा: "संडास खालीच आहे, कमोड आहे, तुमची जागा त्याच्या शेजारच्या खोलीत केली आहे."