जुन्या संगणकावर मूळ संहितेवरून अक्षरजुळणी

हस्तलिखितांच्या संग्राहकांजवळ हल्लीं पोथ्यांबरोबर त्यांच्या संगणकांतील नकलाही असतात. पोथी तीनशें वर्षें वाचतां येते. नक्कल छापणारी आज्ञावली मात्र दहा वर्षांत बंद पडते. आम्हांवर हा प्रसंग नुकताच आला. त्यांतून काढलेला मार्ग वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हें टिपण लिहीत आहों.

2012 सालीं आम्हीं महाडच्या एका परिचित घराण्यांतील 64 पत्रांची बखरवजा पोथी तळोजा येथील आपल्या घरीं आणून उतरून घेतली व परत केली. जुलै 2021 च्या महापुरांत त्या घरांत पाणी शिरून पोथीचा लगदा झाला. तेव्हां आमची नक्कल हीच आतां एकमेव प्रत होय. पुढें आमच्या संगणकाची चकती निकामी झाली. नक्कल दुसरीकडे ठेवलेली असल्यामुळें वांचली, पण ती छापणारी आज्ञावली गेली.

नक्कल ज्या पद्धतीची आहे ती हॉलंडांतील फ्रान्स व्हेल्टहाउस यांनीं 1991 सालीं सिद्ध केली. तींत देवनागरी मजकूर साध्या रोमन अक्षरांत लिहितात. ‘ळ’ पाहिजे असल्यास मोठा ‘एल्’ लिहावा, इत्यादि. ‘देवनाग’ नांवाची लहानशी आज्ञावली त्याचें रूपांतर करते व ‘टेक्’ ही मुख्य आज्ञावली पृष्ठें जुळविते. ‘टेक्’चे कर्ते अमेरिकेंतील डोनाल्ड कनूथ. स्वतःच्या ग्रंथाचीं मुद्रितें पाहून ते इतके खिन्न झाले कीं, 1977 पासून त्यांनीं हें काम स्वतःच हातीं घेतलें. त्यांची मूळ संहिता सूत्र व भाष्य एकत्र गुंफल्यासारखी आहे : एका साधनानें यंत्रासाठीं सूत्रें निघतात, दुसऱ्यानें मनुष्यासाठीं सटीक ग्रंथ निघतो. 1990 नंतर त्यांनीं तींत दुरुस्तीवांचून भर घातली नाहीं. आपल्या पश्चात् राहिलेले दोष हे गुणच समजावे असें त्यांनीं सांगून ठेविलें आहे. आपल्याकडे यालाच आर्ष प्रयोग म्हणतात.

आमच्या संगणकावर लिनक्सची जुनी आवृत्ति आहे. तयार आज्ञावली तिजवर चालेना. कारण ती ज्या यंत्रावर बनली तेथील नव्या ग्रंथालयाची—म्हणजे सामायिक आज्ञासंग्रहाची—ती अपेक्षा करते. मूळ संहिता घरींच यंत्रभाषेंत उतरविली तर ती घरच्याच ग्रंथालयाशीं जुळते. प्रथम आम्हीं अगदीं नवी संहिता घेतली. आमच्या जुन्या भाषांतरकास, म्हणजे कंपायलरास, तिच्यांतील नवी भाषा कळेना व काम अर्ध्यावर थांबलें. दोन दिवस फुकट गेले. वास्तविक शके सोळाशेंचें पत्र वाचावयास तत्कालीन वळणाचा अभ्यास लागतो हें आम्ही जन्मभर सांगत आलों! ‘टेक् लाइव्ह’ या संग्रहाच्या मागील सालांच्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील 2012 ची आणली.

येथें तीन गोष्टी सांभाळाव्या. बांधणी संहितेच्या फोल्डरांत न करतां शेजारीं रिकामा फोल्डर करून त्यांत करावी. सिद्ध झालेली आज्ञावली आपल्याच घरच्या फोल्डरांत बसवावी, म्हणजे मूळ व्यवस्थेस धक्का लागत नाहीं. तिसरी गोष्ट आम्ही विसरलों होतों : संहिता म्हणजे केवळ जुळारी, खिळे निराळे आणावे लागतात. व्हेल्टहाउसांच्या खिळ्यांत मुंबई व कलकत्ता अशीं दोन्ही वळणें आहेत. निर्णयसागरी पुस्तकांवर वाढलेल्या आमच्या डोळ्यांस मुंबईचेच अ, झ, ण रुचतात.

बांधणी रात्रभर चालली. कनूथ यांनीं ‘ट्रिप्’ नांवाची एक मुद्दाम वांकडी परीक्षा लिहून ठेवली आहे. तींत उत्तीर्ण झाल्यावांचून कोणत्याही आज्ञावलीनें ‘टेक्’ म्हणवून घेऊं नये असा दंडक आहे. आमची उत्तीर्ण झाली.

दुसऱ्या दिवशीं सर्व नक्कल छापून निघाली. सतराव्या पत्रावर ‘फौज दर्यांत उतरली’ असें दिसतें. तेथें ‘दऱ्यांत’ असावें काय? दोहोंसाठीं रोमन चिन्हें निराळीं आहेत आणि यंत्रानें आम्हीं लिहिलें तेंच छापलें. कोंकणांत फौज दोन्हीकडे उतरूं शकते. चूक लेखकूची, आमची, कीं मुळीं चूकच नव्हे, हें ठरविण्यास पोथी आतां नाहीं. पाठ तसाच ठेवून खालीं टीप दिली आहे.