हाक कोणाची? आईपण, पाचारण आणि लातूरची खोली

मागच्या वेळी आपण काण्ट आणि कर्तव्य या विषयावर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "मॅडम, आईपण हे कर्तव्य म्हणायचं का?" मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. घरी जाऊन विचार केला, आणि वाटलं की या प्रश्नाला माझ्या अभ्यासापेक्षा माझ्या धर्मपरंपरेत जास्त चांगलं उत्तर आहे. मी जन्माने कॅथलिक. तुमच्यातले बहुतेक जण नाहीत, हे ठाऊक आहे. मराठवाड्यात आम्ही मूठभरच. औरंगाबादचा धर्मप्रांत स्वतंत्र झाला तो १९७७ साली. पण उदाहरण जे घेणार आहे ते सगळ्यांच्या घरातलं आहे.

जून महिन्यात लातूरला खोली शोधायला निघालेल्या आया तुम्ही पाहिल्या असतील. कदाचित तुमच्यातल्या काही जणी त्यातल्याच असतील. देगलूर, मुखेड, किनवट, उदगीर, अहमदपूर, कुठून कुठून येतात. मुलगा किंवा मुलगी अकरावी-बारावीला, डॉक्टरकीची तयारी. खोली एक, शेगडी एक, पाण्याचे दोन ड्रम. नवरा गावाकडे, शेत आणि म्हातारी सासू सांभाळतोय. आई इथे पहाटे उठून डबा करते, लेकरू क्लासला गेलं की कपडे धुते, आणि मग दुपारभर काय करते? खिडकीत बसते. दोन वर्षं. शेजारच्या खोलीतली बाईही तशीच बसलेली असते. हा त्याग आहे, त्याबद्दल मी एक शब्दही वाकडा बोलणार नाही. मी स्वतः ते केलेलं आहे, पुढे सांगते. प्रश्न एवढाच, की ही आई हाकेला ओ देऊन आली, की हाक तिचीच आहे आणि ओ लेकराने द्यायची आहे?

आता शब्दाकडे येऊ. लॅटिनमध्ये 'वोकारे' म्हणजे हाक मारणं. त्यावरून जो शब्द झाला त्याला मराठी ख्रिस्ती लोक 'पाचारण' म्हणतात. २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आत्ताच्या धाराशिवला, साहित्य संमेलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्यानंतर मला पुष्कळांनी विचारलं, तुमच्याकडे असे मराठी शब्द आहेत होय? आहेत. चर्च या संस्थेला आम्ही ख्रिस्तसभा म्हणतो, सिस्टरांना धर्मभगिनी म्हणतो, आणि देवाच्या बोलावण्याला पाचारण.

कर्तव्य आणि पाचारण यांत फरक काय? कर्तव्य नियमातून येतं. ते कोणालाही लागू होतं, करणाऱ्याचं नाव त्याला माहीत नसतं. हाक मात्र नाव घेऊन येते, आणि हाक मारणारा कोणीतरी असतो. म्हणून तिला 'नाही' म्हणता येतं. ज्याला नाही म्हणता येत नाही ते पाचारण नव्हे, ती वेठ. दुसरी गोष्ट, निसर्गाने शरीर दिलं म्हणून आईपण आपोआप पाचारण होत नाही. शरीर ही शक्यता झाली. हाकेला उत्तर माणूस देतो.

माझ्या लहानपणी पाचारण म्हटलं की फादर होणं किंवा सिस्टर होणं, एवढंच. लग्न केलेली माणसं जणू उरलेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते ६५) हे बदललं. १९६४ च्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं आहे की पावित्र्याचं पाचारण सगळ्यांना आहे, आणि कुटुंब ही घरातली ख्रिस्तसभाच आहे. त्याच परिच्छेदात आणखी एक गोष्ट आहे जी लोक वाचून पुढे जातात: आईबापांनी प्रत्येक मुलाला त्याचं स्वतःचं जे पाचारण असेल त्यासाठी उत्तेजन द्यावं. बघा हं, 'त्याचं स्वतःचं'. म्हणजे आईचं पाचारण असं विचित्र आहे, की त्याचा मोठा भाग दुसऱ्याचं पाचारण ऐकू येऊ देण्यात आहे.

ज्यांना मूल झालं नाही त्यांचं काय, हा प्रश्न येणार. आपल्याकडे ओटी भरायच्या वेळी अशा बाईला बाजूला बसवतात, ते मी पाहिलेलं आहे आणि मला त्याची चीड आहे. हाक लग्नाला आणि प्रेमाला आहे. मूल ही देणगी, आणि देणगीवर कोणाचा हक्क नसतो. गर्भनिरोधनावर बोलायला सांगितलं होतं. १९६८ ची पोपमहोदयांची शिकवण एक सांगते आणि आमच्या वस्त्यांतल्या बाया दोन लेकरांनंतर सरकारी दवाखान्यात जातात, हे दोन्ही खरं आहे. त्यावर वेगळं व्याख्यान लागेल.

आणि ही हाक एकट्या बाईला नाही. कॅथलिक लग्नात संस्कार फादर देत नाहीत. वधू-वर एकमेकांना देतात, फादर साक्षीला असतात. त्याआधी प्रश्न विचारला जातो, देवाकडून मुलं प्रेमाने स्वीकाराल का, त्यांना वाढवाल का. तो दोघांना विचारतात. दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवर एक पत्र लिहिलं. आईपणाचा गौरव त्यात भरपूर आहे, आमच्याकडे मदर्स डेला तेवढाच वाचून दाखवतात. पण त्यातच लिहिलंय की पालकत्व दोघांचं असलं तरी त्याची किंमत बाई जास्त मोजते, म्हणून पुरुष तिचा ऋणी आहे, आणि हे ऋण मान्य केल्याशिवाय समान हक्कांची कुठलीही योजना पुरी नाही. ऋण! आईला देवी म्हटलं की कर्ज फेडावं लागत नाही, ही आपली सोय आहे. बीडकडच्या ऊसतोड बायांची गर्भाशयं कमी वयात काढली जातात हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. तोडीचा एक दिवस बुडला की दंड, म्हणून पाळीच नको. अशा बाईपुढे जाऊन आईपण हे पाचारण आहे असं प्रवचन द्यायची माझी हिंमत नाही. हाकेला उत्तर द्यायला आधी माणूस मोकळा लागतो.

आता मोनिकाकडे येते. ऑगस्टीन तुम्हाला ठाऊक आहे, काळावरच्या व्याख्यानात आला होता. मोनिका त्याची आई. चौथ्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेतलं थागास्ते हे गाव, आजच्या अल्जीरियात. नवरा पॅट्रिशियस, तापट, ऐपत बेताची. पोरगा हुशार निघाला म्हणून बापाने ऐपतीबाहेर पैसा उभा केला, कार्थेजला शिकायला पाठवायचं ठरवलं. पैसे जमेपर्यंत सोळा वर्षांचा ऑगस्टीन वर्षभर घरी रिकामा बसला आणि बिघडला. गाव बापाचं कौतुक करत होतं, बघा लेकरासाठी किती खर्च करतोय. ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात यावर फार कडवट लिहितो. आणि आईनेही त्याचं लग्न लांबवलं, बायको आली तर शिक्षणात लोढणं होईल म्हणून. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे. लातूरची आठवण होते की नाही?

पुढे बाप वारला, मुलगा भलत्याच पंथात गेला. आई रडते, मागे लागते. एका बिशपकडे जाऊन विनवते, माझ्या मुलाशी बोला, त्याला पटवा. बिशप नाही म्हणतात. आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू द्या, तुम्ही प्रार्थना करा. बाई ऐकत नाहीत, पुन्हा रडतात, शेवटी बिशप थोडे वैतागतात. ३८३ साली ऑगस्टीन रोमला जायला निघाला. मोनिका बंदरापर्यंत मागे गेली: एकतर परत चल, नाहीतर मला ने. एकोणतीस वर्षांचा मुलगा आईशी खोटं बोलला, मित्राला निरोप द्यायचाय म्हणाला. ती रात्रभर जवळच्या देवळात प्रार्थना करत बसली, आणि सकाळी जहाज गेलेलं. नंतर लिहिताना तो स्वतःचं खोटं लपवत नाही, पण एक बारीक गोष्ट नोंदवतो: तिच्या त्या रडण्यात मुलगा जवळ हवा ही देहाची ओढही होती. संत म्हणून पुजलेल्या आईबद्दल मुलाने हे लिहावं, आणि ख्रिस्तसभेने ते सोळाशे वर्षं वाचत राहावं, याला मी मोकळेपणा म्हणते.

ती मिलानला त्याच्या मागे गेलीच. तिथे त्याच्यासाठी चांगल्या घरची मुलगी पाहिली. त्यासाठी ऑगस्टीनबरोबर अनेक वर्षं राहिलेल्या बाईला आफ्रिकेला परत पाठवलं गेलं. तिचा मुलगा, अदेओदातुस, बापाकडे राहिला. या बाईचं नाव ऑगस्टीनने कुठेही लिहिलेलं नाही. मी इतकी वर्षं हे पुस्तक शिकवलं आणि पुष्कळ वर्षं या ओळीवरून तशीच पुढे गेले. एका आईच्या योजनेत दुसरी आई आपलं लेकरू सोडून जहाजात बसली. ठरलेलं लग्न पुढे झालंच नाही. ३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीनचा आणि त्या मुलाचा स्नानसंस्कार झाला, मोनिकाला जे हवं होतं ते मिळालं. त्याच वर्षी ओस्तिया बंदरात ती वारली, छप्पन वर्षांची. नवऱ्याशेजारी पुरलं जावं ही तिची आयुष्यभराची इच्छा. जागाही राखून ठेवलेली. शेवटी म्हणाली, देह कुठेही ठेवा. धरून ठेवणारी बाई होती ती, आणि तिची मूठ सुटली ती अशी, फार उशिरा.

मी १९९६ ते ९८ लातूरला खोली करून राहिले. नांदेडच्या नोकरीतून रजा घेतली, काही बिनपगारी. निकाल चांगला लागला. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री मुलगा म्हणाला, "आई, मला डॉक्टर व्हायचं नाही. दोन वर्षं सांगायचं धाडस झालं नाही." इच्छास्वातंत्र्यावर पीएचडी केलेली बाई मी. पाच महिने त्याच्याशी धड बोलले नाही. डबा देत होते, बोलत नव्हते. मिस्साला जात होते, जपमाळ ओढत होते, आणि देवाला काय सांगत होते? त्याचं मन फिरव. हाक माझी होती हो, मी ती देवाच्या आवाजात मारत होते. त्या दिवाळीनंतर वर्गात ऑगस्टीन शिकवायला घेतला आणि बंदराच्या पानावर आल्यावर मला पुढे वाचता येईना. पोरांना वाटलं मॅडमला बरं नाही, तास सोडून दिला.

मुलगा आज रोपवाटिका चालवतो. बरी चालते, दुष्काळात चालत नाही. त्याने बरोबर केलं हे सिद्ध करायला मी हे सांगत नाही; डॉक्टर झाला असता तर तेही बरंच झालं असतं. दोन वर्षं त्या खोलीत आम्ही दोघं होतो, आणि मी त्याला भाजी कोणती करू हे रोज विचारलं, दुसरं काही विचारलं नाही.

२७ ऑगस्टला मोनिकाचा सण असतो. यंदा मिस्सा झाल्यावर आमच्या इथली एक बाई थांबली. लेक लातूरला, दुसरं वर्ष. म्हणाली, "मॅडम, ती हल्ली फोनवर नीट बोलत नाही, काय करू?" मी म्हटलं, "तिला काय करायचंय ते विचारलंत?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "विचारायची भीती वाटते. नाही म्हणाली तर शेत गहाण टाकलंय." मला यावर काही बोलता आलं नाही. आम्ही दोघी पायरीवर बसलो, तिची बस येईपर्यंत.