पावसाळा आणि घरची कॉफी

मृग नक्षत्र लागण्याचा सुमार आला, कीं डहाणूच्या किनाऱ्यावरील आणि तलासरीकडील घराघरांतून पावसाळ्याची बेगमी सुरू होते. तांदूळ, डाळी, पापड, लोणचीं, सुके बोंबील, सारें डब्याबरण्यांत बंदिस्त होतें. त्याच ओघांत कॉफीचाहि चार महिन्यांचा सांठा करून ठेवण्याचा मोह पुष्कळांस होतो. नोकरीनिमित्त तलासरीस राहणाऱ्या शिक्षकास किंवा कारकुनास मनाजोगती कॉफी आणावयाची, तर डहाणूस अथवा वापीस खेप घालावी लागते. मग एकदमच आणलेली बरी, हा त्याचा हिशेब वरवर पाहतां चुकीचा नाहीं. परंतु श्रावणांत पाहुणे दारीं येतात, मोठ्या हौसेनें डबा उघडला जातो आणि आंत पुडीचे गठ्ठे झालेले दिसतात! वास उडालेला, चव खवट. पैसेहि गेले आणि पाहुणचारहि.

असें कां व्हावें? येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ह्याच अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर, खालीं मंगळूर व मलबार भागांत, कॉफीच्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर ठेवण्याचा धंदा चालतो. शिडाच्या जहाजांच्या काळीं हिंदुस्थानची कॉफी आफ्रिकेस वळसा घालून महिनोन् महिने प्रवास करीत युरोपांत पोहोंचे. वाटेंत दमट हवेनें बिया फुगत, पिवळसर होत, त्यांची आंबट धार बोथट होई. तीच चव तिकडील लोकांच्या जिभेवर बसली. पुढें आगबोटी आल्या, १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला, प्रवास आंखूड झाला; तेव्हां तो जुना गुण परत आणण्यासाठीं गोदामांतच बियांना मोसमी वारा देण्याची रीत पडली. जो वारा तेथें कॉफीस किंमत आणतो, तोच डहाणूच्या फडताळांत तिचा घात करतो!

ह्याचें इंगित भाजण्यांत आहे. मंगळूरास वाऱ्यावर ठेवतात ती बी कच्ची असते. तिच्यांत मुळांतच सुमारें ११-१२ टक्के ओलावा असतो. २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजल्यावर मात्र तो बहुतेक उडून जातो, बी सच्छिद्र होते, आणि सुगंध व तेल मोकळें होतें. अशी शुष्क बी हवेंतील ओल अधाशासारखी शोषून घेते. ओलीबरोबर शेजारच्या हिंगाचा आणि बोंबलांचा वासहि घेते! तिच्यांतील तेलाला प्राणवायू लागला, कीं खोबऱ्याप्रमाणें तेंहि खवटतें. दळल्यावर बीचे असंख्य कण होऊन हवेशीं संबंध कित्येक पटींनीं वाढतो. म्हणून जी बी महिनाभर टिकते, तिची पूड पंधरवड्यांतच निस्तेज होते. चिकोरीमिश्रित पूड तर ओल लागतांच अधिक लवकर गोळा होते.

तेव्हां कॉफी ही बेगमीची वस्तु नव्हे, हें प्रथम मनाशीं ठरवावें. पूड पंधरा दिवसांपुरतीच आणावी. खेप लांबची असेल, तर अख्खी बी आणून घरींच लागेल तेवढी दळावी. मोठ्या डब्यापेक्षां घट्ट झांकणाच्या दोन-तीन लहान बरण्या बऱ्या. एक वापरांत असतां बाकीच्या उघडाव्या लागत नाहींत. बरणी चुलीजवळ किंवा खिडकींतील उन्हांत ठेवूं नये, आणि आंतला चमचा नेहमीं कोरडा असावा. शीतकपाटांतली बरणी रोज बाहेर काढून उघडली, तर गार पुडीवर हवेंतील दंव धरतें. फार दिवस ठेवणें भागच असेल, तर एकेका आठवड्याच्या हवाबंद पुड्या करून त्या गोठणाच्या कप्प्यांत ठेवाव्या आणि खोलीच्या हवेइतकी ऊब आल्यावरच फोडाव्या. दमट झालेली पूड उन्हांत घालून किंवा तव्यावर परतून ओल जाते, पण गेलेला सुगंध परत येत नाहीं. बुरशी दिसली, तर लोभ न धरतां ती टाकून द्यावी.

करण्याची रीतहि सोपी आहे. एका पेल्यास सुमारें १० ग्रॅम पूड घ्यावी. पाणी उकळल्यावर खालीं उतरवून क्षणभर थांबावें, मग पुडीवर ओतून चार मिनिटें झांकून ठेवावें. पुडीसकट खळखळा उकळल्यास सुगंध उडतो आणि कडवटपणा वाढतो. गाळून वेगळें तापविलेलें दूध घालावें व वरून चिमूटभर जायफळ किसावें. शिळ्या कॉफीचा दोष झांकण्यासाठीं जायफळाची मात्रा वाढविणाऱ्या गृहिणी आढळतात; पण त्यानें पाहुणा फसत नाहीं, आणि जायफळ अति झाल्यास बाधतेंहि. बाहेर सरीवर सर कोसळत असतां ताज्या पुडीचा एकच पेला जें समाधान देतो, तें भरलेल्या डब्याकडे पाहून लाभत नाहीं.