फर्दापूरच्या बाजाराचे दुखणे

अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या प्रवाशाला आपली मोटार चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या टी पॉइंटवर सोडावी लागते. तेथून पुढचा प्रवास एस. टी. च्या बसने. वाहनतळ आणि बसथांबा यांच्या दरम्यान दुकानांचे संकुल उभे आहे. ते टाळून लेणी गाठण्याची सोय नाही. बाजार थाटण्यास याहून मोक्याची जागा शोधूनही सापडणार नाही. असे असूनही येथील दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला दिसतो. आपल्याकडे अशा दुखण्यावर एकच औषध सुचते. जुने पाडावे, नवे बांधावे, वर काचा लावाव्यात! फर्दापूरच्या बाबतीत हे औषध रोग्याला मानवेल, असे आम्हांस वाटत नाही.

ही दुकाने मूळची येथली नव्हेत. ती लेण्यांच्या पायथ्याशी होती. मोटारींच्या धुरापासून चित्रांचे रक्षण व्हावे म्हणून या शतकाच्या आरंभी वाहने टी पॉइंटवर थांबविण्यात आली आणि दुकानेही तेथे हलविण्यात आली. हा निर्णय योग्यच होता. १९८३ साली जागतिक वारशाचा मान मिळालेल्या त्या भिंतींपुढे दुकानदारांच्या सोयीला दुय्यम स्थान मिळणे अपरिहार्य होते. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरता कामा नये. पायथ्याशी डोंगर उतरून दमलेला माणूस घटकाभर टेकत असे, चहा घेत असे, आणि मग सहजच त्याची नजर मांडलेल्या मालाकडे वळत असे. आता तोच माणूस बसमधून उतरतो तो थेट आपल्या गाडीकडे धाव घेतो. छत्रपती संभाजीनगर शंभर किलोमीटर दूर, जळगाव साठ. अंधार पडण्यापूर्वी त्याला पोहोचावयाचे असते.

वस्तुतः येथला माल सामान्य नव्हे. ज्या काळ्या कातळात लेणी कोरली, त्याच जातीच्या खडकाच्या पोकळ्यांतून निघालेले झिओलाइट आणि नाना रंगांचे स्फटिक येथे विकावयास असतात. गोटा फोडावा आणि आत जांभळा प्रकाश दिसावा! ते सांगणारे विक्रेतेही तयार आहेत. त्यांच्यात जपानी भाषेत भाव करणारे आहेत. उणीव आहे ती ऐकणाऱ्याच्या सवडीची.

ही सवड निर्माण करण्याची योजना झालीच नव्हती, असेही नाही. जपानच्या कर्जसाहाय्याने १९९२ पासून दोन टप्प्यांत अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्यातून टी पॉइंटजवळ भव्य अभ्यागत केंद्र उभारले गेले. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे साकारल्या. २०१३ साली केंद्र उघडले, आणि पुरती पाच-सहा वर्षे होतात न होतात तोच, २०१८ च्या सुमारास, विजेची आणि पाण्याची बिले थकल्यामुळे त्याला कुलूप लागले. परदेशातून कर्ज काढून वास्तू बांधावी आणि दिव्याच्या बिलासाठी ती अंधारात ठेवावी, याला काय म्हणावे? पुढे २०२० च्या मार्चमध्ये महामारीने लेणीच बंद झाली; जळगावकडे जाणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण तर त्याच्या आधीपासून वर्षानुवर्षे रखडले होते. दुकानांच्या भिंती कितीही देखण्या असत्या, तरी या तडाख्यांपुढे त्या काय करणार होत्या?

फ्रान्समधील लास्को गुहेची गोष्ट येथे आठवते. माणसांच्या श्वासाने चित्रे बिघडू लागली म्हणून १९६३ मध्ये ती गुहा लोकांना बंद करण्यात आली. १९८३ मध्ये जवळच तिची प्रतिकृती खुली झाली आणि २०१६ मध्ये आणखी मोठी. आज माँतिन्याक गावी जाणारा प्रवासी प्रतिकृतीच पाहतो, आणि त्या गावाचा बाजार त्याच्यावर चालतो. अजिंठ्याच्या अंधाऱ्या दालनांतही गर्दीचा श्वास चित्रांना घातकच आहे. म्हणजे प्रतिकृती नीट चालवण्यात चित्रांचे हित आहे आणि दुकानदारांचेही. ही दोन हिते एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे समजून आपण आजवर भांडत आलो.

तेव्हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होऊ नये. संकुलाचे छप्पर, पाणी, स्वच्छतागृहे यांची दुरुस्ती अवश्य व्हावी. ती बाब वादाची नाहीच. परंतु पाडकामाचा विचार करण्यापूर्वी पर्यटन महामंडळाने अभ्यागत केंद्र अखंड चालेल, याची हमी द्यावी. प्रवाशाने सकाळी प्रतिकृती पाहाव्यात, दुपारी लेण्यांत जावे, संध्याकाळी बाजारात फिरावे आणि रात्री फर्दापुरात उतरावे. या गावाला हे नवे नाही. अजिंठ्याच्या घाटाखालचा हा मुक्काम म्हणून येथे मोगलकालीन सराई उभी राहिली होती. प्रवासी रात्री राहतो तेथे बाजार भरतो, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना ठाऊक होते.

त्यानंतरही नवे संकुल हवेच, असे ठरले, तर आम्ही विरोध करणार नाही. मात्र एक अट असावी. पायथ्यावरून एकदा उठवले गेलेले हे लोक आहेत. नव्या इमारतीतील त्यांचे गाळे, भाडे आणि बांधकामाच्या काळातील पर्यायी जागा ही सारी लेखी ठरल्यावाचून पहिली वीट हलवू नये. आणि विजेच्या बिलाची तरतूद या खेपेस उद्घाटनाच्या मंडपाआधी करावी.